सूर्याची चूल

पापड वाळविण्यास आणि लोणचें मुरविण्यास आपण ऊन पिढ्यान् पिढ्या राबवीत आलों. तेंच ऊन स्वयंपाकाच्या कामीं लावण्याचा खटाटोप मुंबईंत केला तो मात्र एका इंग्रजी अंमलदारानें. विल्यम अॅडम्स हे हायकोर्टाचे डेप्युटी रजिस्ट्रार. उष्ण देशांत सूर्याची उष्णता जळणाऐवजीं वापरावी, हा त्यांचा पक्ष 1878 सालीं मुंबईसच निघालेल्या त्यांच्या पुस्तकाच्या नांवांतच आहे.

फ्रान्समध्यें मूशो यांनीं चांदीचा मुलामा दिलेले धातूचे परावर्तक योजिले होते, ते महाग. अॅडम्स यांनीं बाजारांतील साधे आरसे लांकडी अष्टकोनी चौकटींत बसविले, मधोमध तांब्याचें भांडें ठेवलें व त्यावर कांच झांकली. जानेवारींत, म्हणजे मुंबईच्या त्यांतल्या त्यांत थंड महिन्यांत, सात शिपायांचा मांसभाजीचा शिधा तींत दोन तासांत शिजला. नेहमींपेक्षां जेवण चांगलें झालें, अशी शिपायांनीं ग्वाही दिली. साहेबापुढें ते दुसरें काय म्हणणार!

मग ही चूल घरोघर कां गेली नाहीं? शिपायाला दुपारीं जेवण व तें रांधणारा माणूस, दोन्ही तयार असत. मोलकरीण किंवा शेतमजूर बाई तांबडें फुटतां घर सोडते आणि दिवेलागणीस परतते. तिची चूल पेटते त्या दोन्ही वेळीं सूर्य हजर नसतो. आमच्या विद्वानांनीं लांकडांचा हिशेब केला, या बाईच्या घटकांचा केला नाहीं. 1950 नंतरच्या दशकांत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेनें अंतर्वक्र आरशाची चूल काढली, तीही लोकांनीं पत्करली नाहीं. सूर्य सरकेल तसा आरसा फिरवावयाचा आणि स्वयंपाकिणीनें भर उन्हांत उभें राहावयाचें, हें कोणत्या घरीं चालावें?

पुढें पेटीची चूल आली. तिचें मूळ जिनीव्हाच्या द सोस्यूर यांनीं 1767 सालीं केलेल्या कांचेच्या झांकणांच्या पेटींत आहे. पुठ्ठा, चकाकता कागद व एक कांच एवढ्यावर ती होते. काळ्या भांड्यांतला वरणभात राखणीवांचून दोनतीन तासांत शिजतो, करपत नाहीं. धूर नाहीं, मोळी नाहीं. पण भाकरीस तापलेला तवा लागतो, तितकी आंच या पेटींत येत नाहीं. शिवाय पेटी ठेवावयाची कोठें? आमच्या गच्चीवर दिवसभर ऊन असतें. चाळींतल्या खोलीच्या दाराशीं तें घटकाभर येऊन जातें.