मोकळ्या नगरीतील नीती

खेळांचा इतिहास लिहिणे हे पोरकट काम होय, असे मानणारे विद्वान आपल्यात पुष्कळ आहेत. मला तसे वाटत नाही. माणसाने कसे वागावे हे ग्रंथ सांगतात. त्याला मोकळे सोडले तर तो कसा वागेल, हे पाहावयाचे असेल तर खेळांकडेच जावे लागते.

आपला मोक्षपट घ्या. परंपरा त्याचे कर्तृत्व ज्ञानेश्वरांकडे देते. सद्गुणाच्या घरात शिडी, दुर्गुणाच्या घरात साप आणि शेवटच्या घरात मोक्ष. असल्याच भारतीय पटांवरून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात सापशिडी निघाली. पण एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. या पटावर पाप करावयाचे की नाही, हे खेळणाराच्या हाती मुळीच नसते. कवड्या पडतील तसे जावयाचे. मोक्षपट पापपुण्याची ओळख करून देतो, निवड करावयास लावीत नाही.

निवड आली ती संगणकाबरोबर. १९८५ साली रिचर्ड गॅरियट या खेळकर्त्याने आपल्या ‘अल्टिमा’ मालेचा चौथा भाग अमेरिकेत प्रसिद्ध केला. आधीच्या भागांत खेळाडू गावकऱ्यांना लुटीत, मारीत आणि तरीही अखेरीस वीर ठरत. पालकांची पत्रे आली आणि गॅरियट विचारात पडला. नव्या खेळात मारावयास शेवटचा राक्षसच त्याने ठेवला नाही. आठ सद्गुण अंगी बाणवून ‘अवतार’ व्हावयाचे, एवढेच साध्य. शब्दही आपल्याकडचाच! या खेळात जादूच्या मुळ्या विकणारे दुकानदार आंधळे आहेत. पैसे किती टाकावयाचे ते खेळाडूने ठरवावे. कमी टाकले तर त्या क्षणी कोणी काही बोलत नाही. हिशेब मात्र आत कोठेतरी होत राहतो.

बारा वर्षांनी, १९९७ साली, स्कॉटलंडमधील डंडी येथे तयार झालेला ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ बाजारात आला. मूळ आराखड्यात खेळाडूला पोलीसही होता येत होते. पण पोलीस झाले की सिग्नल पाळा, पादचाऱ्यांना जपा! त्यात कोणाला गंमत वाटेना, म्हणून खेळ चोराचा झाला, असे निर्मात्यांनीच पुढे सांगितले आहे. याच मालेतील २००२ सालची ‘व्हाइस सिटी’ भारतभर सायबर कॅफेंतून खेळली गेली आणि आमचे नागपूर त्याला अपवाद नव्हते. येथे अख्खे शहर मोकळे. वाटेल त्याची गाडी हिसकावा, वाटेल त्याला चिरडा. पोलीस मागे लागले तर गाडीला नवा रंग द्यावा. ते विसरून जातात. पकडले गेलात तर शस्त्रे आणि थोडे पैसे जातात, आणि तुम्ही ठाण्याच्या दारात पुन्हा मोकळे.

मात्र या मोकळ्या नगरीच्या रस्त्यावर एकही लहान मूल चालताना दिसत नाही. हे ध्यानात आले तेव्हा मी थबकलो. मुलांना मारू नये असा नियम निर्मात्यांनी केला नाही. त्यांनी मूलच काढून टाकले. जेथे सगळ्याची मुभा आहे, तेथेही एक निवड माणसापुढे येताच कामा नये, असे त्यांना वाटले असले पाहिजे. समाजाची खरी वेस कोठे आहे, हे अशा गाळलेल्या जागांवरून कळते.

माझ्या नात्यातील एका कॉलेजातल्या मुलाला मी विचारले, “इतकी माणसे मारताना काहीच वाटत नाही?” तो हसून म्हणाला, “काका, ते काय खरे लोक थोडीच आहेत?” उत्तर चोख होते. पण पुढे तोच सांगू लागला की, आताशा तो एकट्याने खेळत नाही. याच मालेच्या नव्या भागात शेकडो खेळाडू एकत्र येतात. कोणी टॅक्सी चालवतो, कोणी डॉक्टर होतो, कोणी पोलीस. याला ते ‘रोल-प्ले’ म्हणतात. तेथे विनाकारण कोणाला मारता येत नाही; पिस्तूल रोखले तर जिवाला भ्यावे लागते. नियम खेळाडूंनीच केलेले. “एकाला उगाच उडवला म्हणून मला तीन दिवस बाहेर काढलं,” असे तो म्हणाला, आणि हे सांगताना त्याची मान खाली गेली होती. जी पोलिसाची नोकरी १९९७ साली कंटाळवाणी ठरली होती, ती आता मुले हौसेने करतात!

मला या गोष्टीचे फारसे नवल वाटले नाही, कारण मी मारबतीच्या गावचा आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी येथे काळी आणि पिवळी मारबत निघते. काळी १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून, असे सांगतात. काळ्या मारबतीचा संबंध लोकसमजूत भोसल्यांच्या घराण्यातील बाकाबाईशी आणि तिने इंग्रजांशी केलेल्या हातमिळवणीशी जोडते. बरोबर बडगे असतात. महागाई, लाचलुचपत, त्या त्या वर्षी जे लोकांना छळते त्याचे ते पुतळे. लोक मनसोक्त शिव्याशाप देतात आणि अखेरीस पुतळे जाळतात. हाही हिंसेचाच खेळ. पण दिवस ठरलेला असतो, जळतो तो पुतळा असतो, आणि ओरडणारा आपल्या शेजाऱ्याच्या खांद्याला खांदा लावून ओरडत असतो. उद्या त्याच गल्लीत त्याला राहावयाचे असते.

फरक हिंसेच्या मात्रेत नाही, साक्षीदारात आहे. आंधळ्या दुकानदारापुढे खेळाडू एकटा होता, म्हणून गॅरियटला आत हिशेब ठेवावा लागला. शेकडो माणसे एकत्र आली तेव्हा हिशेब त्यांनीच ठेवला. पूर्ण मोकळीक मिळालेल्या माणसांनी काय केले? पुन्हा एक गाव वसवले, त्याला पंच नेमले आणि रीत घालून दिली.

म्हणून मुलांच्या हातचे हे खेळ हिसकावून घ्यावेत की नाहीत, असे कोणी पालक विचारतात, तेव्हा मी त्यांना उलट दोन प्रश्न मुलालाच विचारावयास सांगतो. तू तेथे एकटा असतोस की चारचौघांत? आणि तुझ्या त्या नगरीत कोणाला मारता येत नाही? दुसऱ्या प्रश्नाला मूल जरा विचारात पडते. तेवढा वेळ त्याच्याजवळ बसून राहावे.