वाळूच्या तबकातले जग

लहान मुलांच्या भीतीवर खेळाच्या आधारे उपचार करण्याची पद्धत, म्हणजेच क्रीडोपचार, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपात आकाराला आली. मात्र तिच्या इतिहासात मोठ्यांच्या सिद्धान्तांना जे मानाचे पान मिळाले, ते प्रत्यक्ष खेळणाऱ्या मुलांच्या वाट्याला क्वचितच आले. घोड्यांना घाबरणाऱ्या पाच वर्षांच्या मुलाची हकीकत सिग्मंड फ्रॉइड यांनी १९०९ साली प्रसिद्ध केली खरी, पण तो उपचार मुख्यतः वडिलांमार्फत आणि बोलण्यातून झाला होता. त्यापेक्षा त्यांच्या १९२० च्या ग्रंथातले एक छोटे निरीक्षण अधिक मोलाचे वाटते. त्यांचा दीड वर्षाचा नातू दोरा बांधलेले रीळ नजरेआड फेकी आणि पुन्हा ओढून घेई. आईचे जे दूर जाणे मुकाट सोसावे लागते, तेच मूल खेळात स्वतःच्या हाताने घडवून आणते, असा अर्थ फ्रॉइड यांनी त्यातून काढला.

या विचाराला प्रत्यक्ष साधन मिळाले ते लंडनमध्ये. मार्गारेट लोवेनफेल्ड या डॉक्टर महिलेने १९२८ साली नॉर्थ केन्सिंग्टन भागात भित्र्या आणि हाताळण्यास अवघड मुलांसाठी दवाखाना उघडला. एच. जी. वेल्स यांनी आपल्या दोन मुलांसोबत जमिनीवर बेटे आणि नगरे मांडण्याच्या खेळांविषयी १९११ साली लिहिलेले पुस्तक लोवेनफेल्ड यांच्या स्मरणात होते, म्हणून त्यांनी रंगीत काड्या, कागदाचे तुकडे, चिमुकली माणसे, जनावरे, घरे असा संग्रह एका पेटीत जमवला होता. पुढच्या वर्षी दवाखान्यात जस्ताची तबके, वाळू आणि पाणी आले. वाळूत खेळणी मांडून दृश्य उभारण्याची कल्पना डॉक्टरांनी सुचवली नव्हती. मुलांनीच दोन्ही गोष्टी एकत्र आणल्या आणि त्या रचनेला ‘जग’ हे नावही त्यांनीच दिले. आपल्या नावावर जमा होऊ शकणारा शोध मुलांच्या खाती टाकण्याइतका प्रामाणिकपणा लोवेनफेल्ड यांनी दाखवला, ही गोष्ट या क्षेत्रात तरी विरळाच म्हणावी लागेल.

मोठी माणसे आणि मुले नदीच्या दोन काठांवर राहतात, तेव्हा आपण मिळून पूल बांधू, असे मुलाला आरंभीच सांगितले जाई. लहान वयातला अनुभव वाक्यांसारखा एकामागून एक उलगडत नाही, तर विचार, भावना, स्पर्श आणि आठवण एकाच वेळी गुंतून येतात, म्हणून नुसत्या शब्दांनी भीती सांगता येत नाही, अशी लोवेनफेल्ड यांची भूमिका होती. वाळूत मात्र वाघ घराशेजारी उभा करता येतो, पुरता येतो, पुन्हा उकरून काढता येतो. मांडलेल्या दृश्याची नोंद ठेवली जाई, मुलाला त्याविषयी विचारले जाई. अर्थ मात्र मोठ्यांनी लादायचा नाही, असा दंडक होता.

नेमका येथेच वाद पेटला. १९२६ साली बर्लिनहून लंडनला आलेल्या मनोविश्लेषक मेलानी क्लाइन यांच्या मते खेळातली प्रत्येक कृती म्हणजे दडलेल्या इच्छांचे प्रतीक होती आणि विश्लेषकाने तिचा अर्थ मुलाला तत्परतेने सांगणे हाच उपचार होता. लोवेनफेल्ड यांना खेळ हीच मुलाची विचार करण्याची रीत वाटे. १९३५ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी बालपणातील खेळाचा सविस्तर ऊहापोह केला. क्लाइन यांची सैद्धान्तिक झेप मोठी होती हे मान्य करूनही, चार वर्षांच्या मुलाला त्याच्या भीतीचा अर्थ ऐकवण्याची घाई त्यात होती, असे म्हणावेसे वाटते.

मानसशास्त्रज्ञ शार्लोट ब्यूलर यांनी पुढे लोवेनफेल्ड यांच्या याच साधनाची चाचणी बनवली. कुंपणांची गर्दी, रिकामी जागा, विस्कळीत मांडणी ही लक्षणे त्यात तपासली जाऊ लागली. मानसशास्त्रज्ञ युंग यांच्या परंपरेतल्या स्विस उपचारक डोरा काल्फ यांनी १९५६ साली लंडनला येऊन लोवेनफेल्ड यांच्याकडून ही रीत शिकून घेतली आणि तिला वेगळे वळण दिले. तबकाचा तळ निळा रंगवण्याची प्रथा त्यांच्या पद्धतीतही राहिली, कारण वाळू बाजूला सारताच मुलाला हवी तेथे नदी किंवा समुद्र मिळतो.