जोडासांकोतले जपानी पाणी

बंगाल शैलीचे चित्र म्हटले की धुक्यातून उमटल्यासारख्या ओलसर रंगछटा डोळ्यांपुढे येतात. स्वदेशीच्या काळात हीच शैली अस्सल भारतीय म्हणून डोक्यावर घेतली गेली. तिच्या या धूसरपणाचे मूळ मात्र जपानमध्ये आहे, आणि जपानमध्येही तो काही जुनापुराणा वारसा नव्हता.

१९०२ साली कलासमीक्षक ओकाकुरा काकुझो कोलकात्यात आले. स्वामी विवेकानंदांबरोबर ते बोधगयेला गेले, ठाकूर कुटुंबाशी त्यांचा घरोबा जमला. पुढच्याच वर्षी योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुन्सो हे त्यांचे शिष्य येऊन थडकले. मायदेशी या दोघांच्या चित्रांना गिऱ्हाईक मिळत नव्हते. जपानी चित्राचा कणा मानलेली बाह्यरेषाच त्यांनी काढून टाकली होती. हवा आणि उजेड नुसत्या रंगाच्या चढउतारातून दाखवायचा त्यांचा खटाटोप होता. टीकाकारांनी या अंधूक चित्रांना ‘मोरोताई’, म्हणजे ‘धूसर शैली’, म्हणून हिणवले.

ठाकूरांच्या जोडासांकोतल्या वाड्यात ताइकान रंगवू लागले की चित्रकार अवनींद्रनाथ ठाकूर बारकाईने पाहत. रुंद कुंचला पाण्यात बुडवून ताइकान तो चित्रावरून हलकेच फिरवीत. अवनींद्रनाथांनी त्याच्याही पुढची मजल मारली. त्यांनी रंगवलेला कागदच पाण्यात बुडवला! वरवरचा रंग धुऊन जाई, उरलेला कागदात मुरे. मग पुन्हा रंग, पुन्हा पाणी.

हाच तो ‘वॉश’. वंगभंगाच्या १९०५ साली याच पद्धतीने ‘भारतमाता’ साकारली : भगवी वस्त्रे, चार हात, आणि त्यांत पोथी, भाताच्या लोंब्या, शुभ्र वस्त्र व जपमाळ.

ताइकानही रिकाम्या हाताने परतले नाहीत. गंगेत दिवे सोडणाऱ्या भारतीय स्त्रिया त्यांनी १९०९ साली रंगवल्या.

त्याच सुमारास या कथेत महाराष्ट्र येतो. ब्रिटिश चित्रकार लेडी हेरिंगहॅम अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती करून घेत होत्या. त्यांच्या मदतीला अवनींद्रनाथांचे शिष्य नंदलाल बोस आणि असितकुमार हालदार लेण्यांत पोचले. धूसर रंगांत वाढलेल्या या तरुणांना तिथे रेषेची ताकद जवळून पाहता आली. १९१६ मध्ये रवींद्रनाथ जपानला गेले, आणि त्यांच्या निमंत्रणावरून चित्रकार अराई काम्पो जोडासांकोच्या ‘विचित्रा’ या कलासभेत शिकवायला आले. पुढे तेही प्रती करायला अजिंठ्याला गेले.

वॉशचे पुढे अनुकरण फार झाले. नंदलालांनी मात्र शांतिनिकेतनात भित्तिचित्रांची आणि ठाम रेषेची वाट धरली. म्हणून बंगाल शैलीला केवळ देशी पुनरुज्जीवन म्हणणे अपुरे आहे. तिच्या घडणीत अजिंठ्याइतकाच वाटा जोडासांकोत उतरलेल्या त्या जपानी पाहुण्यांचाही आहे.