तीन कळांचा खेळ

पुण्याच्या नैर्ऋत्येस मुठा नदीच्या कांठीं असलेलें वारजे हें पूर्वीं शहराबाहेरचें गांव होतें. आज तेथें सदनिकांच्या रांगा उभ्या आहेत. अशा एखाद्या घरीं संध्याकाळीं चार माणसें जमलीं आणि कोणी कोडें घातलें, म्हणजे आजी, नात, जांवई आणि शेजारचा मुलगा हे सारे एकदमच उत्तर देऊं लागतात. भेंड्यांचीहि गोष्ट तीच. दोन पक्ष पडले कीं मग माणसें कितीहि असोत. उशिरां आलेल्यालाहि कोणत्या तरी पक्षांत जागा मिळते. हाच प्रश्नोत्तरांचा खेळ यंत्रावर गेला तेव्हां मात्र एक नवा प्रश्न उभा राहिला. उत्तर देण्याचा अधिकार किती जणांना द्यावयाचा ?

अशा खेळांना व्यापारी रूप येण्यास फार काळ लोटलेला नाहीं. १९७९ सालीं कॅनडांतील मॉन्ट्रियल शहरीं ख्रिस हेनी आणि स्कॉट ॲबट या दोघां पत्रकारांनीं ‘ट्रिव्हिअल पर्स्यूट’ हा पटावरचा खेळ कल्पिला. किरकोळ परंतु मनोरंजक माहिती हीच त्याची सामग्री. १९८१ सालीं तो बाजारांत आला आणि १९८४ या एका वर्षांत उत्तर अमेरिकेंत त्याचे सुमारें २ कोटी संच खपले. लोकांना आपलें ज्ञान चारचौघांत पारखून पाहण्याची हौस किती असते, हें त्यावरून दिसून आलें.

ही हौस संगणकावर आणणाऱ्या खेळांत ‘यू डोन्ट नो जॅक’ याचें नांव प्रमुख आहे. शिकागो येथील जेलिव्हिजन या संस्थेनें तो रचला आणि बर्कले सिस्टिम्स या संस्थेनें १९९५ सालीं तो प्रसिद्ध केला. ‘तुला कांहीं एक ठाऊक नाहीं’ असा त्या नांवाचा भावार्थ. या खेळांत पडद्यावर चित्रांपेक्षां अक्षरेंच अधिक. सारी मौज सूत्रधाराच्या आवाजांत. तो खोडकरपणें प्रश्न विचारी आणि उत्तर चुकलें तर खेळणाऱ्याची यथेच्छ टर उडवी. नभोवाणीवरील श्रुतिकेशींच त्याचें नातें अधिक जवळचें होतें.

खेळणारे मात्र फार तर तिघे. कळफलकाच्या डाव्या टोंकाची ‘क्यू’ ही कळ एकाची, मधली ‘बी’ दुसऱ्याची आणि उजवीकडील ‘पी’ तिसऱ्याची. जो आपली कळ प्रथम दाबील त्यानें चार पर्यायांतून उत्तर निवडावें. बरोबर असल्यास खात्यावर लटके पैसे जमा व्हावे, चुकल्यास वजा व्हावे. चौथा मनुष्य आला तर त्यानें खुर्चीमागें उभें राहून पहावें ! एका लेखनिकासाठीं घडविलेल्या कळफलकावर तिघांचे हातहि दाटीवाटीनेंच मावत. पण त्या दाटीमुळेंच खेळणारे खांद्याला खांदा लावून बसत, हेंहि खरें.

त्याहून कठीण मर्यादा भाषेची होती. प्रश्न अमेरिकन चित्रपट, जाहिराती आणि इंग्रजी शब्दश्लेष यांवर रचलेले. मराठी घरांतील बहुश्रुत गृहस्थालाहि तेथें कळ दाबण्याचा धीर होणें अवघड. ज्ञान असूनहि तो अज्ञानी ठरे.

भारतांत ही अडचण दुसऱ्याच मार्गानें दूर होऊं लागली. ३ जुलै २००० रोजीं दूरचित्रवाणीवर ‘कौन बनेगा करोडपति’ हा कार्यक्रम हिंदींत सुरू झाला. ज्या ब्रिटिश कार्यक्रमावरून तो घेतला, त्याच्याच अमेरिकन अवताराचा संगणकी खेळ १९९९ सालीं जेलिव्हिजननेंच रचला होता, हा योगायोग मोठा गमतीचा. येथें खुर्ची तर एकाचीच. परंतु प्रश्न समजत असल्यामुळें घरोघरीं सारें कुटुंब उत्तरें सांगूं लागलें. त्याच वर्षीं एक कोटीचें पहिलें पारितोषिक हर्षवर्धन नवाथे या मराठी तरुणानें मिळविलें. पुढें २०१३ सालीं ‘कोण होईल मराठी करोडपती’ या कार्यक्रमानें तशाच प्रकारचे प्रश्न मराठींत विचारावयास प्रारंभ केला.

इकडे यंत्रावरील आसनेंहि हळूहळू वाढलीं. २०१५ च्या आवृत्तींत ‘जॅक’ चार जणांना खेळतां येत होता आणि २०१८ च्या आवृत्तींत आठ जणांना. आतां प्रत्येकाच्या हातांतील दूरध्वनि हीच त्याची कळ झाली. तिघांचे आठ होण्यास तेवीस वर्षें लागलीं.

तथापि वारज्यांतील त्या घरीं हा खेळ मांडला, तर आठ दूरध्वनि जमूनहि आजी बाजूलाच राहील. जुन्या पेठांची नांवें, व्रतांच्या कहाण्या, पिकांचे हंगाम, नाटकांतील नटांच्या गोष्टी यांचें भांडार तिच्यापाशीं आहे; पण तिला त्याविषयीं कोणी विचारीतच नाहीं. कळा वाढविण्याचें काम यंत्रकारांनीं केलें. आजीला उत्तर देतां येईल असे प्रश्न मात्र तिच्या भाषेंतील माणसांनींच रचावयाचे आहेत, आणि ती हयात आहे तोंवरच तिच्यापाशीं बसून तें काम होण्यासारखें आहे.