साखरेची लेस

लग्नाच्या केकवरील शुभ्र लेस आमच्या घराघरांत परिचयाची आहे. तिचा इतिहास मात्र फारसा कोणी विचारीत नाहीं. अंड्यांतील पांढरें व वस्त्रगाळ साखर घोटून, कागदाच्या शंकूंतून ती मेणकागदावर ओढितात व वाळल्यावर अलगद उचलितात. पुष्कळशी हातांतच मोडते, व ती अर्थातच मुलांच्या वाट्यास जाते! पावसाळी दमट हवेनें तर ती मऊच पडते. १८४० सालीं व्हिक्टोरिया राणीच्या विवाहाचा केक सुमारें ३०० पौंडांचा होता. १८५८ सालीं तिच्या ज्येष्ठ कन्येच्या केकचे वरचे मजले मात्र निव्वळ साखरेचे, केवळ शोभेचे होते, असें सांगतात. १८८२ सालीं राजपुत्र लिओपोल्डच्या लग्नांत सर्व मजले खऱ्या केकचे झाले. पाहुण्यांच्या ताटांत पडते तीच शोभा आम्हांस अधिक मोलाची वाटते. हल्लीं सिलिकॉनच्या सांच्यांतून न मोडणारी लेस झटपट निघते. मुलांना तुकडे मिळेनासे झाले आहेत.