वाइन निवडताना आधी आकडा पाहा

वाइनची बाटली निवडताना ग्राहकाचे लक्ष प्रथम देशाकडे, द्राक्षाच्या जातीकडे आणि किमतीकडे जाते. लेबलच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलेला अल्कोहोलचा टक्का बहुधा न वाचलेलाच राहतो. वस्तुतः ती बाटली दुपारच्या जेवणाला शोभेल की रात्रीच्या, दुसरा ग्लास घ्यावा की पहिल्यावरच थांबावे, याचे बरेचसे उत्तर त्या आकड्यातच दडलेले असते.

बाजारातील बहुतेक वाइनमध्ये १२ ते १५ टक्के अल्कोहोल असते. हवामान उष्ण होत गेल्याने द्राक्षांत साखर अधिक भरते आणि त्यामुळे गेल्या काही दशकांत हा आकडा वरच सरकला आहे. याउलट ५ ते ११ टक्के अल्कोहोल असलेल्या वाइनचाही जुना आणि प्रतिष्ठित वर्ग आहे. दोहोंतील अंतर किरकोळ नाही. १४ टक्क्यांच्या वाइनच्या १५० मिलिलिटर ग्लासात २१ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल असते. साडेपाच टक्क्यांच्या वाइनच्या तेवढ्याच ग्लासात ते जेमतेम ८ मिलिलिटर भरते.

टक्का कमी कशामुळे?

द्राक्षरसातील साखरेचे यीस्ट अल्कोहोलमध्ये रूपांतर करते. लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर खर्ची पडली की एक टक्का अल्कोहोल तयार होते. तेव्हा टक्का कमी राखण्याचे नैसर्गिक मार्ग दोनच. द्राक्षे लवकर खुडायची, म्हणजे मुळात साखरच कमी असते आणि वाइन आंबटसर, गोडवा नसलेली होते. किंवा रस थंड करून व गाळून आंबण्याची क्रिया मध्येच थांबवायची, म्हणजे उरलेली साखर वाइनमध्ये राहते आणि ती गोड लागते. टक्का कमी असण्याचे कारण या दोहोंपैकी कोणते, हे कळले की निवड सोपी होते.

मासळीचे जेवण, उन्हाळी दुपार

पहिल्या प्रकारातील परिचित नाव म्हणजे उत्तर पोर्तुगालमधील ‘विन्यो व्हेर्दे’. नावाचा शब्दशः अर्थ ‘हिरवी वाइन’ असला तरी तिचा बहुतांश भाग पांढऱ्या वाइनचा असतो. साध्या बाटल्यांत ९ ते ११ टक्के अल्कोहोल, लिंबासारखा आंबटपणा आणि अनेकदा जिभेवर किंचित चुरचुरणारे बुडबुडे असतात. तळलेली मासळी, कोळंबी, कालवे यांच्याशी ती उत्तम जुळते. गोव्याच्या किंवा मालवणच्या रवा लावून तळलेल्या सुरमईलाही ती शोभावी. मात्र याच प्रदेशातील ‘अल्वारिन्यो’ जातीच्या वाइन बऱ्याचदा १२ टक्क्यांच्या पुढे जातात. त्यामुळे केवळ प्रदेशाच्या नावावर विसंबू नये.

ऑस्ट्रेलियात सिडनीच्या उत्तरेस असलेल्या हंटर व्हॅलीतील ‘सेमियों’ ही दुसरी उल्लेखनीय वाइन. तिथे उन्हाळी पावसाआधी द्राक्षे लवकर खुडण्याची परंपरा असल्याने टक्का १० ते ११ च्या आसपास राहतो. कोवळेपणी ती साधी, आंबट भासते. पण बाटलीत दहा वर्षे मुरल्यावर लाकडी पिंपाचा स्पर्शही न होता तिला मधाची आणि भाजलेल्या पावाची चव येते. कमी अल्कोहोलची वाइन टिकत नाही, हा समज तिने खोटा ठरवला आहे.

तिखट जेवण

अल्कोहोलमुळे मिरचीचा दाह वाढतो, तर गोडव्याने तो शमतो. म्हणून कोल्हापुरी रस्सा किंवा ठेचा पानात असताना १४ टक्क्यांची तुरट लाल वाइन सहसा निराशा करते. अशा वेळी जर्मनीतील मोझेल नदीखोऱ्याची ‘रीसलिंग काबिनेट’ उपयोगी पडते. नदीकाठच्या पाटीच्या दगडांच्या तीव्र उतारांवर, थंड हवेत ही द्राक्षे सावकाश पिकतात. ८ ते ९ टक्के अल्कोहोल, हलका गोडवा आणि त्याला तोलून धरणारा खणखणीत आंबटपणा हे तिचे वैशिष्ट्य. येथे आकडाच चवीची कल्पना देतो. जर्मन रीसलिंगवर ८ टक्के लिहिलेले असेल तर ती गोडसर असणार. १२ टक्के किंवा लेबलवर ‘ट्रोकन’ हा शब्द असेल तर ती गोडवा नसलेली असणार.

लाल वाइनच हवी असेल तर इटलीच्या एमिलिया-रोमान्या प्रांतातील फेसाळ ‘लाम्ब्रुस्को’ पाहावी. गोडसर प्रकार ८ टक्क्यांच्या आसपास, तर ‘सेक्को’ म्हणजे गोडवा नसलेला प्रकार ११ टक्क्यांच्या आसपास असतो. ती थंड करूनच द्यावी. कबाब आणि तुपातेलाच्या जेवणानंतर तिचे बुडबुडे तोंड स्वच्छ करतात.

वाढदिवस आणि शुभेच्छांचा ग्लास

फळे, केक आणि गोडधोडासोबत इटलीच्या पिएमोंते प्रांतातील ‘मोस्कातो द’आस्ती’ हा हमखास पर्याय आहे. साधारण ५ ते साडेपाच टक्के अल्कोहोल, पीच आणि संत्र्याच्या फुलांचा सुगंध, मंद फेस. वाइनची सवय नसलेल्या पाहुण्यांनाही ती आवडते. ती ताजीच प्यावी, साठवून ठेवू नये. स्ट्रॉबेरी किंवा चॉकलेट असेल तर त्याच प्रांतातील तांबूस ‘ब्राकेत्तो द’आक्वी’ अधिक शोभते.

जेवणापूर्वीच्या शुभेच्छांसाठी ११ टक्क्यांच्या आसपासची ‘प्रोसेक्को’ पुरेशी आहे. तिच्या लेबलवरील ‘एक्स्ट्रा ड्राय’ या शब्दांनी अनेकांची फसगत होते. हा प्रकार ‘ब्रूट’पेक्षा गोड असतो.

घरगुती उपाय

आयात वाइन महाग पडते आणि सर्वत्र मिळतेच असे नाही. जर्मनी-ऑस्ट्रियात रूढ असलेली एक साधी पद्धत इथेही सहज अवलंबता येते. गोडवा नसलेल्या पांढऱ्या वाइनमध्ये तितकाच थंड सोडा मिसळायचा. नाशिकची १२ टक्क्यांची शेनां ब्लां अशी मिसळली तर ग्लासातील टक्का ६ वर येतो. मात्र वाइनचे माप तेच राहिले तर पोटात जाणारे अल्कोहोलही तेवढेच, हे विसरू नये. लाभ होतो तो सावकाश पिण्याचा.

तयार वाइनमधून निर्वात ऊर्ध्वपातनासारख्या यांत्रिक प्रक्रियेने अल्कोहोल काढून टाकलेल्या बाटल्याही आता मिळतात. युरोपीय संघाने २०२१ साली त्यांच्यासाठी नियम केले. त्यानुसार अर्ध्या टक्क्यापर्यंत अल्कोहोल असलेली वाइन ‘अल्कोहोल काढलेली’ म्हणून विकता येते. अल्कोहोलबरोबर सुगंध आणि भरीवपणाही काहीसा जात असल्याने या वाइन मूळ चवीच्या तोडीच्या असतीलच, अशी अपेक्षा ठेवू नये.

कमी म्हणजे निर्धोक नव्हे

कमी अल्कोहोल म्हणजे कमी साखर नव्हे, हे मधुमेहींनी विशेष ध्यानात घ्यावे. मोस्कातो द’आस्तीसारख्या वाइनमध्ये लिटरमागे शंभर ग्रॅमहून अधिक साखर असू शकते. शिवाय गोड चवीमुळे ग्लास भराभर रिकामे होतात आणि टक्का कमी असल्याचा फायदा तिथेच संपतो. साडेपाच टक्क्यांच्या वाइनचे तीन ग्लास झाले, की १४ टक्क्यांच्या एका ग्लासापेक्षा अधिक अल्कोहोल पोटात गेलेले असते.

वाहन चालवायचे असेल तर ‘हलकी वाइन’ ही सबब कायद्यापुढे चालत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक अल्कोहोल आढळल्यास तो गुन्हा ठरतो. गर्भवतींनी वाइन पूर्णपणे वर्ज्य करावी. औषधे चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारावे. अल्कोहोलचे कोणतेही प्रमाण आरोग्यास सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे.

तेव्हा पाहुण्यांसाठी वाइन आणताना दुकानात दोन प्रश्न विचारावेत : टक्का किती, आणि तो कमी असेल तर वाइन गोड आहे की नाही? या दोन उत्तरांवर पानातील पदार्थाशी मेळ घालता येतो. जेवणाच्या टेबलावर पाण्याचा जग आणि न पिणाऱ्यांसाठी सरबत ठेवायला मात्र विसरू नये.