वायुभार आणि १८७७ चा दुष्काळ

वैशाखातल्या दुपारी वाडीच्या नाक्यावर ट्रकमधून पोती उतरविणारा हमाल घाम पुसत म्हणतो, "एवढं तापून राह्यलं, म्हंजे यंदा पाणी चांगलं पडन." या बोलण्यात निम्मे शास्त्र आहे. उरलेले निम्मे उमगायला जाणत्या लोकांनाही फार काळ लागला, आणि त्या वाटेवर आपल्या मुलखातील एक भयंकर दुष्काळ उभा आहे.

प्रथम निम्मे शास्त्र पाहू. घट्ट झाकलेले भांडे तापविले तर आतल्या हवेचा दाब वाढतो, कारण तिला पसरायला जागा नसते. उघड्या मैदानावर उलटे घडते. तापलेली हवा पसरते, वर चढते, उंचावर आजूबाजूस वाहून जाते आणि जमिनीवर उभ्या असलेल्या हवेचे वजन घटते. हे वजन म्हणजेच वायुभार. ते मोजण्याचे यंत्र इटलीतील टॉरिचेली याच्या पाऱ्याच्या नळीतून सतराव्या शतकात जन्मले. पुढे १६८६ साली एडमंड हॅले या इंग्रज ज्योतिर्विदाने मोसमी वाऱ्यांचे कारण याच नात्यात शोधले : उन्हाळ्यात जमीन समुद्राहून अधिक तापते, तिच्यावरची हवा हलकी होते आणि समुद्रावरची जड हवा तिकडे धाव घेते.

मग १८७७ साली काय झाले? त्या वर्षी १ जानेवारीस नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली, आणि दिल्लीच्या दरबारात व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचे जाहीर झाले. त्याच वेळी, आदल्या वर्षीचा पाऊस बुडाल्यामुळे, दख्खनमधील माणसे दुष्काळी कामांवर राबत होती. सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणाने त्यांची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य व वर किरकोळ पैसे, इतकी खाली आणली. मुंबई इलाख्यातील हजारो मजुरांनी ती नाकारून कामे सोडली. पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूने उभी राहिली. आपल्या देशातील संपांचा इतिहास सांगताना या उपाशी माणसांना विसरू नये.

त्या वर्षीही पावसाने दगा दिला. हिंदुस्थानचे हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले होते व हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे पहिले प्रमुख होते. त्यांच्या नोंदींत वायुभार नेहमीहून अधिक दिसत होता. त्यांनी परदेशांतून आकडे मागविले, तेव्हा ऑस्ट्रेलियातही तोच प्रकार आढळला. ऊन काही कमी नव्हते. ढग नसले की जमीन उलट अधिकच तापते. म्हणजे नुसत्या उन्हाने पाऊस ओढला जात नाही, हे उघड झाले.

कोडे पुढे नेले गिल्बर्ट वॉकर यांनी. १९०४ पासून वीस वर्षे ते या खात्याचे प्रमुख होते. यंत्रे नव्हती, कारकुनांनी हाताने केलेल्या आकडेमोडीतून त्यांना एक झोका सापडला. हिंदी महासागराकडे वायुभार चढला की प्रशांत महासागराच्या पूर्व भागात तो उतरतो, आणि उलटही. पुढे १९६० नंतरच्या दशकात याकोब ब्यर्कनेस यांनी या झोक्याचे नाते प्रशांत महासागराच्या पाण्याच्या उष्णतेशी जोडून दाखविले. म्हणजे उष्णता व दाब यांचे नाते खोटे नव्हते. आपण फक्त आपलेच अंगण मोजत होतो.

तथापि एक हिशेब निराळा ठेवावा. १८७७ चा वायुभार कुणा अधिकाऱ्याच्या हातात नव्हता. एक पौंडाचे माप मात्र कचेरीत ठरले होते. लाखो माणसे मेली, त्यांचा सगळा दोष आभाळावर टाकता येत नाही. आज पावसाचा पहिला अंदाज एप्रिलमध्येच जाहीर होतो. तो वाचून धान्याची, कामाची व पुऱ्या मजुरीची तजवीज मृगाच्या आधी मागणे, हे आपले काम आहे.